अर्धी तू म्हण, अर्धी मी: सातवीच्या मुलांना रोझरी शिकवताना

८ जून २०२५, पेंटेकॉस्टचा रविवार. मिस्सा (आमची रविवारची उपासना) संपली होती आणि मी चर्चच्या दारातल्या छत्र्यांच्या ढिगात माझी छत्री शोधत होते. मागून फादर आले. म्हणाले, "यंदा सातवीचा धर्मशिक्षणाचा वर्ग तुम्ही घ्या. रोझरी, लितानी, आंजेलुस, क्रुसाची वाट. मुलांना यातलं काहीच धड येत नाही." (रोझरी म्हणजे माळेचे मणी मोजत येशूच्या आईची, मारियेची, "नमो मारिया" ही प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणं. लितानी म्हणजे एकेक नाव घ्यायचं आणि दर नावाला एकच उत्तर द्यायचं, आंजेलुस म्हणजे घंटेबरोबरची प्रार्थना, क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं.) मी "बघते" म्हटलं. आमच्या वसईत फादरांना "बघते" म्हणणं म्हणजे "हो" म्हणणं असतं, हे नवऱ्याने घरी आल्यावर सांगितलं.

त्या आठवड्यात मी इंटरनेटवर पुष्कळ शोधलं. रोझरी म्हणजे काय, तिचे फायदे काय, पोर्तुगालमधल्या फातिमाला मारियेचं दर्शन कसं घडलं, हे सगळं ढिगाने सापडलं. पण बारा वर्षांच्या, हातात सतत मोबाईल असलेल्या मुलाला ती शिकवायची कशी, हे मराठीत मला कुठे मिळालं नाही. पुढच्या जूनमध्ये कुणा बाईला असंच पोर्चमध्ये गाठलं जाईल, तिच्यासाठी हे लिहून ठेवते.

आधीच सांगते, मी काही मोठी भाविक वगैरे नाही. सकाळची चर्चगेट लोकल, अंधेरीला ऑफिस, संध्याकाळी परतल्यावर कुकर. लहानपणी आजी संध्याकाळी सातला सगळ्यांना भिंतीवरच्या तसबिरीसमोर बसवायची. रोझरी पाच भागांत म्हणतात, दर भागाला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, त्याला रहस्य म्हणतात. दुसऱ्या रहस्यापर्यंत माझी मान डुलायला लागायची आणि लितानीला कुणीतरी चिमटा काढायचं. आजी लितानीला अजून लॅटिनमध्ये उत्तर द्यायची, तेही तिच्या पद्धतीने: "ओरा पोनोबी". खरं ते "ओरा प्रो नोबिस", म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. अर्थ विचारला की म्हणायची, "तिला ठाऊक आहे ना, मग झालं." लग्नानंतर माझी रोझरी सुटली. आता ती मुलांना शिकवायची होती.

पहिला महिना कागदांत गेला. धर्मशिक्षकाच्या अर्जाला लागलं ते असं: दोन फोटो, आधारची झेरॉक्स, आपल्या प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, बालसुरक्षेच्या नियमांवर सही केलेलं हमीपत्र आणि बाप्तिस्म्याचा नवा दाखला. घरातला जुना पिवळा दाखला चालत नाही. बाप्तिस्मा ज्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) झाला तिथूनच नवा आणावा लागतो, म्हणजे माझ्या बाबतीत माहेरून. १४ जूनला अर्ज दिला, फी ५० रुपये, "आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी गेले तर कळलं की रजिस्टरमध्ये माझ्या नावासमोर समासात लग्नाची नोंदच नाही. तुमचं लग्न ज्या चर्चमध्ये होतं त्यांनी बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं असतं, मग तिथे समासात ते लिहिलं जातं. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, कळवायचं कुणाच्या तरी लक्षात राहिलं नव्हतं. रजिस्टरच्या हिशेबाने मी अजून कुमारिका होते. लग्नाचा दाखला घेऊन पुन्हा गेले, नोंद झाली, २८ जूनला दाखला हातात आला. रिक्षाच्या तीन फेऱ्या. तेव्हा दाखला मागायला जाताना लग्नाचा दाखलाही पिशवीत टाका. मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळी, भावंडांच्या लग्नाच्या वेळीही हाच घोळ होतो, म्हणून घरातल्या सगळ्यांचंच एकदा तपासून घेतलेलं बरं.

५ आणि ६ जुलैला प्रशिक्षण झालं. ३०० रुपये, त्यात दोन दिवसांचं जेवण. बरंचसं विसरले. दोन गोष्टी राहिल्या. एक, वर्गाचं दार कधी बंद करायचं नाही आणि एकट्या मुलासोबत खोलीत थांबायचं नाही. सोबत दुसरं मोठं माणूस हवंच. दुसरी एका वयस्क सिस्टरांनी सांगितली. त्या म्हणाल्या, "प्रार्थनेच्या तासाला जेवढं बोलाल तेवढाच वेळ गप्प बसा." मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्याच रविवारी विसरले.

१३ जुलै, पहिला वर्ग. आठची मिस्सा झाल्यावर सव्वानऊ ते सव्वादहा, हॉलच्या वरच्या मजल्यावर. पटावर ३४ मुलं. मी चार रात्री जागून सव्वीस स्लाइड केल्या होत्या. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं, मठातले संन्यासी ती म्हणायचे, ज्यांना वाचता येत नव्हतं ते साधे लोक त्याऐवजी १५० वेळा एकच प्रार्थना म्हणायला लागले. संत दोमिनिकला मारियेने माळ दिली ही परंपरेतली कथा, आणि इतिहासकार म्हणतात की माळ हळूहळू शतकांमधून घडत गेली. मग १५७१ची ख्रिस्ती आरमार आणि तुर्कांमधली लेपांतोची लढाई, रोझरीचा ७ ऑक्टोबरचा सण तिच्यावरून कसा आला. मग २००२, संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली, त्यामुळे पंधराची (आनंदाची, दुःखाची, गौरवाची, प्रत्येकी पाच) वीस झाली. एका वेळी त्यांतला पाचाचा एकच गट म्हणतात.

मुलांना लढाई आवडली. किती जहाजं, तोफा होत्या का, कोण जिंकलं. माळ कुठल्या कुठे गेली. शेवटी एका मुलीने हात वर केला, "टीचर, हे परीक्षेला आहे का?"

पुढच्या वर्षी घेणाऱ्यांना सांगते, लेपांतो शेवटच्या तासाला ठेवा, किंवा सोडून द्या.

२० जुलैला मी ठरवलं की आज बोलायचं नाही, सरळ रोझरी म्हणायची. पाचही रहस्यं. घड्याळ लावलं नव्हतं पण एका पोराने लावलं होतं: अकरा मिनिटं. शांतपणे म्हटली तर वीस मिनिटं सहज लागतात. ते म्हणणं नव्हतंच, आगगाडी होती. शेवटच्या रहस्यात दोन मुलं एकमेकांकडे बघून खुसखुसायला लागली आणि मग सगळा वर्ग हसत सुटला. मी रागावले. रागावून प्रार्थना घेतली की ती कशी होते ते विचारू नका.

त्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एकाने प्रश्न विचारला. "टीचर, ५३ वेळा तेच का म्हणायचं? देवाला एकदा ऐकू येत नाही का?" त्याने माळेचे मणी मोजले होते: ५३ छोटे, ६ मोठे, एकूण ५९. (मी स्वतः कधी मोजले नव्हते.) शेजारच्या मुलीने लगेच भर घातली, तिच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीच्या आजीची जपमाळ १०८ मण्यांची आहे, "मग त्यांच्या देवाला आणखी कमी ऐकू येतं का?" सगळे हसले, मीही हसले. उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी "पुढच्या रविवारी सांगते" म्हटलं. पुढे त्या मुलाला मी मनात ५३वाला म्हणायला लागले, इथेही तेच म्हणते.

उत्तर मला लोकलमध्ये सुचलं, फार काही थोर नाही. माझी मुलगी लहान असताना झोपवताना मी तिला एकच ओवी किती वेळा म्हणायचे? ती "पुन्हा" म्हणायची. मी ५३वाल्याला तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे देव झोपतो?" सुटका नाही.

खरी अडचण ३ ऑगस्टला कळली. मी घरचा अभ्यास दिला होता: घरात आजी-आजोबांबरोबर एक रहस्य म्हणून यायचं. एकच, म्हणजे एक "आमच्या स्वर्गातील बापा", दहा "नमो मारिया" आणि एक "गौरव". चार मिनिटांचं काम. ३४ पैकी सहा जणांनी केलं होतं. मला वाटलं आळस. मग एकेकाला विचारलं आणि जवळजवळ सगळ्यांचं एकच कारण. "आजी मराठीत म्हणते. मला मराठीतली येत नाही." "आजोबांना हेल मेरी कळत नाही." एकाने सांगितलं, तो सुरू करतो, आजी मध्येच थांबवते आणि म्हणते, "हे कुठलं, आपलं म्हण."

आमच्याकडे बहुतेक मुलं इंग्रजी शाळेत जातात. प्रार्थना शाळेत शिकतात, त्यामुळे "हेल मेरी, फुल ऑफ ग्रेस" (इंग्रजीतली "नमो मारिया") घोटून पाठ. मराठी मिस्सा ऐकतात पण ओठ हलत नाहीत. घरात मोठी माणसं वाडवळी नाहीतर सामवेदी या इथल्या बोली बोलतात, प्रार्थना मात्र पुस्तकातल्या मराठीत. म्हणजे एकाच घरात, एकाच तसबिरीसमोर, नातवाची मारिया इंग्रजी ऐकते आणि आजीची मराठी. दोघं एकत्र बसायचेच थांबले होते, आणि कुणाचं भांडण झालं म्हणून नाही. सातच्या सुमाराला आजी हळूच एकटीच बसते आणि मुलगा ट्यूशनला जातो, एवढंच.

मी पुढचा मार्ग चुकीचा निवडला. १० ऑगस्टला मराठी "नमो मारिया" रोमन अक्षरांत छापून वाटली आणि पाठ करायला लावली. पाठांतर, मग पुन्हा परीक्षा. झेरॉक्सचे ६८ रुपये. १७ तारखेला अकरा मुलं आलीच नाहीत. एका आईचा फोन आला, नम्रपणे बोलली, पण मुद्दा हा की शाळेचं मराठी कमी होतं का, आता रविवारीही. मला त्या रात्री वाटलं की फादरांना सांगून मोकळं व्हावं.

सुटका घरातच झाली, आणि ती मी शोधली नाही. १९ ऑगस्टची संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. सासूबाई मेणबत्ती लावून बसल्या होत्या. माझी लेक, पाचवीतली, मोबाईलची बॅटरी संपल्यामुळे कंटाळून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि मोठ्याने म्हणाली, "हेल मेरी, फुल ऑफ ग्रेस..." तिचा पहिला अर्धा भाग संपला. सासूबाईंनी डोळे न उघडता पुढचा अर्धा भाग घेतला, "हे पवित्र मारिया..." मराठीत. मग लेक पुन्हा इंग्रजीत. मग त्या मराठीत. दहाच्या दहा. दोघींनाही आपण काही वेगळं करतोय असं वाटलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात भाताचा डाव हातात घेऊन उभी.

ही प्रार्थना मुळातच दोन तुकड्यांची आहे. एकजण पुढाकार घेतो, बाकीचे उत्तर देतात. मी बायबल काढून बसले. पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला: २८व्या ओवीत देवदूताचं अभिवादन आणि ४२व्या ओवीत मारियेची नातलग अलिशिबा हिचे शब्द, "स्त्रियांमध्ये तू धन्य". दुसरा अर्धा, "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर", हा बायबलमध्ये तसा नाही. तो लोकांच्या तोंडी पुष्कळ नंतर रुळला आणि १५६८ साली पोप पायस पाचवे यांनी काढलेल्या प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात पक्का झाला. म्हणजे पहिला भाग निरोप, दुसरा भाग आपली विनवणी. निरोप एका भाषेत आला आणि उत्तर दुसऱ्या भाषेत गेलं तर अर्थ कुठे तुटत नाही. या वयात मला हे पहिल्यांदा कळत होतं.

तरी फादरांना विचारलं, कारण आमच्याकडे छोट्या गोष्टींवरून मोठी पत्रं जातात. ते म्हणाले, मिस्साच्या प्रार्थनांना आपण हात लावत नाही, तो उपासनाविधी आहे. रोझरी भक्तीची प्रार्थना आहे, घरात बसून दोन भाषांत म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "माझी आई लॅटिनमध्ये उत्तर द्यायची."

२४ ऑगस्टपासून वर्ग बदलला. फक्त एक रहस्य, पाच नाही. त्याआधी लूकमधली तेवढीच गोष्ट. आणखी एक ध्यानात आलं: रविवारी गौरवाची रहस्यं म्हणतात. वर्ग रविवारी, म्हणून मी ती घेत बसले होते, आणि त्यातली शेवटची दोन, मारियेचं स्वर्गात उचललं जाणं आणि तिचं राज्यारोहण, ही लहान मुलाच्या डोळ्यांपुढे उभी करायला सगळ्यांत अवघड. नियम बाजूला ठेवून मी आनंदाच्या दुसऱ्या रहस्यापासून सुरुवात केली: मारिया अलिशिबेला भेटायला डोंगराळ भागात जाते. दोन गरोदर बायका दारात भेटतात. मुलींना ते लगेच कळलं. एकजण म्हणाली, "माझी मावशी अशीच आलेली आमच्याकडे." त्यानंतर आम्ही दीड मिनिट गप्प बसलो (सिस्टर आठवल्या), आणि मग म्हटलं, हळू. चार मिनिटं लागली. कुणी हसलं नाही असं नाही, पण दोघंच हसले.

माळ हातात स्वतःची हवी, हेही तेव्हाच कळलं. अर्ध्या मुलांकडे माळ नव्हती, असलेल्यांची कारच्या आरशाला लटकत होती. मग आम्ही बनवायच्या ठरवल्या. हिशेब देते, कुणाला उपयोगी पडेल: छोटे लाकडी मणी ५३ गुणिले ३४, म्हणजे १८०२, पाचशेची चार पाकिटं, ६०० रुपये. मोठे मणी २०४. शंभरची तीन पाकिटं, २१० रुपये. ते भुलेश्वरला घेतले. क्रूस आणि मधलं पदक माहीमच्या संत मायकल चर्चबाहेरच्या स्टॉलवरून, ४० जोड्या, ५६० रुपये. नायलॉनच्या दोरीची दोन रिळं १८०. एकूण १५५०. धर्मग्रामाने १००० दिले, बाकी माझे. पावत्या जपून ठेवा. भुलेश्वरच्या दुकानदाराने पावती "कच्ची" दिली, त्यावरून ऑफिसात दहा मिनिटं गेली.

माहीमला मी बुधवारी गेले, नोव्हेनाच्या (तिथल्या दर बुधवारच्या खास प्रार्थनेच्या) दिवशी, ऑफिसातून दोन तास लवकर सुटून. नित्य साहाय्य मातेची (म्हणजे मारियेचीच) ही नोव्हेना तिथे १९४८पासून चालू आहे आणि दिवसभर वेगवेगळ्या भाषांत होते. मी स्टॉलवर भाव करत असताना आतून मराठीची चालू होती. माझ्या शेजारी एक मंगळसूत्रवाली बाई नवसाला वाहायचं मेणाचं छोटं घर विकत घेत होती. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, "विरारला फ्लॅट बुक केलाय, ताबा मिळत नाहीये."

१४ सप्टेंबरला, क्रूसविजयाच्या सणाच्या रविवारी, माळा ओवायला बसलो. एका तासात होईल असं मला वाटलं होतं. दोन रविवार लागले. दोरीचं टोक मेणबत्तीवर किंचित जाळून घेतलं की सुईची गरज लागत नाही, हे एका मुलाच्या आईने सांगितलं, नाहीतर तीन लागले असते. मणी सगळ्या हॉलभर सांडले. पण एक झालं: दहा मोजायचे, गाठ, मोठा मणी, गाठ, पुन्हा दहा, यात रोझरीचा सगळा आराखडा त्यांच्या बोटांना कळला. माझ्या सव्वीस स्लाइडनी जे केलं नाही ते. २१ तारखेला फादरांनी माळा आशीर्वादित केल्या.

२८ सप्टेंबरला मिस्सानंतर सूचना वाचली गेली की पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबरभर रोज शांतीसाठी रोझरी म्हणायला सांगितलंय. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये आळीआळीत घरोघरी रोझरी होतेच. मी ठरवलं, मुलांना तिकडेच न्यायचं, वर्गात नाही. त्यासाठी पुन्हा कागद: पालकांच्या संमतीपत्रावर सही, परतायची वेळ साडेआठ, सोबत दोन पालक, कुणाला कुठून घ्यायचं त्याची यादी. सहामाही परीक्षा तोंडावर, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस ठरले: गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, शनिवारी आनंदाची. २७ संमतीपत्रं परत आली. एका संध्याकाळी बारापेक्षा जास्त मुलं न्यायची नाहीत असं ठरवलं, आणि हा निर्णय बरोबर निघाला. छोट्या घरात वीस मुलं शिरली की यजमान चहाच्या कपांच्या काळजीत बुडतात.

४ ऑक्टोबर, पहिलं घर. लाल लुगडं नेसलेली एक आजी, ऐंशीच्या पुढची, ऐकू कमी येणारी. मुलांनी इंग्रजीत सुरुवात केली. तिला ऐकू येत नव्हतं, पण ती त्यांचे ओठ बघत होती. ओठ थांबले की ती सुरू करायची. एकदाही चुकली नाही. लितानीला मात्र ती एकटीच "ओरा पोनोबी" म्हणाली आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. नंतर उकडलेले चणे आणि केळी.

सगळीकडे असं गोड झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका घरी एक निवृत्त शिक्षक होते. रोझरी संपल्यावर मुलांसमोरच म्हणाले, "ही काय खिचडी लावलीये? मराठी शिकवा की त्यांना. म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे तोवर अर्धी मराठी, आम्ही गेलो की पूर्ण इंग्रजी." मला राग आला. घरी येईपर्यंत पटलंही. मी मुलांना नेहमी पहिला भाग देत होते, तो इंग्रजीत; मराठी भाग कायम आजीआजोबांकडे. मग ११ ऑक्टोबरपासून अदलाबदल केली. पहिली तीन रहस्यं नेहमीसारखी. चौथ्या-पाचव्यात पुढाकार मोठ्यांचा, मराठीत, आणि उत्तर मुलांचं, तेही मराठीत. दुसरा अर्धा भाग लहान आहे आणि तीस वेळा कानावरून गेलेला असतो. पाठ करायला सांगावं लागलं नाही. महिनाअखेर १९ मुलांना ती न बघता येत होती. १५ जणांना येत नाही. त्या सरांना पुन्हा भेटायला जायचं राहिलंय.

त्याच ११ तारखेला रोमला संत पीटरच्या चौकात पोपसाहेबांची रोझरी संध्याकाळी सहाला होती, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. मी मुलांच्या ग्रुपवर लिंक टाकली. चार जणांनी बघितली. त्यांतल्या एकीने रात्री दहाला लिहिलं, "टीचर, ते पण अर्धी अर्धीच म्हणतात."

१९ तारखेचा वर्ग दिवाळीच्या सुट्टीत आला, नऊ मुलं. त्या दिवशी आंजेलुस घेतली. दुपारी बाराची घंटा त्यांना माहीत होती, ती कशासाठी वाजते ते नव्हतं. तीन ठोके, थांबा, तीन ठोके, थांबा, तीन ठोके, मग लांब घंटा. घंटावाल्या काकांनी मुलांना दोरी ओढू दिली. त्याबद्दल शेजारच्या सोसायटीतून विचारणा झाली, ते सोडा.

३० ऑक्टोबर, गुरुवार, शेवटचं घर. ते ५३वाल्याचं निघालं. त्याने यादीत नाव घातलं होतं, मला सांगितलं नव्हतं. त्याची आजी खाटेवर पाय सोडून बसली होती, हातात तिची काळी जुनी माळ. पुढाकार त्याचा. तिसरं रहस्य, देवाच्या राज्याची घोषणा. आजीची दहा झाली आणि तिने "गौरव" सुरू केलं, त्याच वेळी त्याने "हेल मेरी" सुरू केली. दोघं थांबले. त्याने माळ दिव्याजवळ नेली आणि मोजली. तिसऱ्या दहात त्याने अकरा मणी ओवले होते. कान लाल. बाकीची मुलं हसायच्या बेतात.

आजी म्हणाली, "म्हण, म्हण. आता आलीच आहे तर."

त्याने म्हटली. तिने उत्तर दिलं. मग "गौरव".

निघताना मी त्याला म्हटलं, रविवारी माळ आण, एक मणी काढून देते. तो म्हणाला, "आजी म्हणते राहू दे."

२ नोव्हेंबरला हजेरीचं रजिस्टर, संमतीपत्रं आणि पावत्या ऑफिसात दिल्या. फादर म्हणाले, १८ फेब्रुवारीला भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आहे, क्रुसाच्या वाटेची तयारी आत्तापासून करा, चौदा स्थानं म्हणजे चौदा मुलं लागतील. मी "बघते" म्हटलं. मण्यांचा डबा कपाटात आहे. हिशेबाने छोटे मणी १९८ उरायला हवे होते, मोजले तर १६३ भरले. बाकीचे हॉलच्या फरशीच्या फटींत असतील. एक कुठे गेला ते मला माहीत आहे.